पस्तीसची बाजू

रेंजफाइंडर कॅमेरा हातात आला की पहिला वाद लेन्सवरून होतो. ५० मिलिमीटरची घ्यावी की ३५ची, एफ १.४चा हट्ट धरावा की २.८वर भागवावं, जर्मन घ्यावी, जपानी की जुनी रशियन. हा वाद बहुतेक वेळा काचेच्या गुणांवर चालतो: कडेपर्यंत रेखीवपणा टिकतो का, मागचं धूसर किती मऊ उतरतं, कोटिंग कोणतं. माझ्या मते हे सगळं दुसरी लेन्स घेताना बघावं. पहिली घेताना बघायचं ते असं, की आपण उभे कुठे राहणार, समोरच्यापासून किती लांब, आणि तिथे ऊन किती असणार. नांदेड-लातूर भागात राहून इथलीच माणसं, बाजार, जत्रा आणि रस्ते टिपायचे असतील, तर माझं उत्तर ३५ मिलिमीटर असं आहे, आणि तीही साध्या अ‍ॅपर्चरची. पॅरिसमध्ये किंवा टोकियोत राहणाऱ्याने काय घ्यावं याबद्दल माझा काही आग्रह नाही.

आधी यंत्राचा स्वभाव पाहू. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, तिच्या वरच्या बाजूच्या खिडकीतून बघतो. त्या खिडकीत सगळंच स्वच्छ दिसतं, फोकसमध्ये असलेलंही आणि नसलेलंही. मधल्या छोट्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस लागतो, आणि फोटोत काय येणार ते उजळ रेषांची चौकट सांगते. यातला गमतीचा तोटा म्हणजे लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतलं जग लख्ख दिसत राहतं आणि अख्खा रोल कोरा निघतो. फायदा मात्र मोठा आहे. चौकटीबाहेरचंही दिसतं, कोण आत येतंय, कोण निघून चाललंय, ते बटण दाबण्याआधीच कळतं. पण ही खिडकी एकच, लेन्स बदलली म्हणून ती बदलत नाही. १९५४च्या लायका एम-३च्या खिडकीत जग ०.९१ पट दिसायचं आणि चौकटी होत्या ५०, ९० आणि १३५च्या. पुढच्या एम-२ने ते प्रमाण ०.७२वर आणलं आणि ३५ची चौकट आत घेतली. १३५ची चौकट एम-३मध्येसुद्धा मध्यावर इवलीशी उरते. शिवाय लांब पल्ल्याच्या लेन्सला फोकसची जी अचूकता लागते ती या पद्धतीत एका मर्यादेपलीकडे मिळत नाही, कारण फोकस मोजणाऱ्या दोन खिडक्यांमधलं अंतर बांधणीतच ठरून गेलेलं असतं. थोडक्यात, हा कॅमेरा जवळच्या कामाचा. २८ची चौकट खिडकीच्या पार कडेला जाते, चष्मा असणाऱ्याला ती सगळी दिसतही नाही. म्हणून पहिल्या लेन्सचा खरा झगडा ३५ आणि ५० यांच्यातच आहे.

फिल्मची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, त्यामुळे हिशोब सोपा आहे. समोरचा माणूस २ मीटरवर असेल तर ५०मध्ये त्याच्या पातळीवर १.४४ मीटर रुंदीचं जग मावतं, ३५मध्ये २ मीटरहून किंचित जास्त. फरक दोन फुटांचा. हे दोन फूट लातूरच्या गंजगोलाईत मोजून बघावेत. १९१७च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या गोल बाजाराला १६ रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ आहे, आणि रस्त्यागणिक माल बदलतो: कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. मिरचीच्या ढिगामागे बसलेली बाई १.४४ मीटरमध्ये येते, ढीगही येतो. शेजारी उकिडवं बसून मिरची मोडून वास घेणारं गिऱ्हाईक येत नाही, आलं तर अर्धं येतं. आणि बाजाराचा फोटो म्हणजे त्या दोघांमधली घासाघीस. एकट्या बाईचा फोटो घरीही काढता आला असता. ५०वाला म्हणेल, एवढंच ना, मी मागे सरकतो. जागा असेल तर जरूर सरकावं. तीच रुंदी मिळवायला त्याला जवळजवळ ३ मीटरवर जावं लागेल, आणि गंजगोलाईच्या रस्त्यावर मागे हातगाडी असते, तिच्यामागे दुचाकी. समजा जागा मिळालीच, तरी ती मोकळी राहत नाही. तुमच्या आणि त्या बाईच्या मधून लोक जा-ये करू लागतात, कारण तुम्ही रस्त्याच्या मध्यावर उभे आहात. २ मीटरच्या आत कुणी शिरत नाही. दोन माणसं बोलतायत असं समजून लोक वळसा घालतात.

आता उन्हाचं बघू, कारण या भागात लेन्सचा निम्मा निकाल ऊनच लावतं. ४०० आयएसओच्या फिल्मला भर उन्हात एफ १६ला साधारण १/५०० लागतं. फिल्मच्या लायका एम कॅमेऱ्यांचं शटर १/१०००वर थांबतं, म्हणजे सगळ्यात वेगाने मारलं तरी एफ ११. सकाळी नऊपासून संध्याकाळी चारपर्यंत उघड्यावर एफ १.४ची लेन्स ही न वापरलेली श्रीमंती आहे. ती उघडायची तर लेन्सवर काळा फिल्टर चढवावा लागेल. उलट बाजूने पाहा. एफ ११ला ३५ची लेन्स पावणेचार मीटरवर लावून ठेवली, तर नेहमीच्या हिशोबाने साधारण १.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं रेखीव येतं. त्याच उन्हात, त्याच एफ ११ला ५०ची लेन्स साडेसात मीटरवर लावली तर हे पावणेचार मीटरच्या पुढे सुरू होतं. दोघांनाही ऊन सारखंच मिळालं, पण ३५वाल्याला त्याने बोलण्याच्या अंतरापासूनचं सगळं देऊन टाकलं आणि ५०वाल्याला फक्त रस्त्यापलीकडचं. ३५वाल्याला फोकस लावण्याची गरजच उरत नाही. नांदेडला होळीच्या दुसऱ्या दिवशी होल्ला महल्ल्याची मिरवणूक निघते, जयघोष होतो आणि निशाण, घोडे, शस्त्रं घेतलेली माणसं एकदम धावत सुटतात. तिथे दोन प्रतिमा एकमेकींवर आणत बसायला वेळ नसतो. अंतर आधी लावून ठेवलेलं असावं लागतं, आणि आधी लावून ठेवण्याची सवलत ३५ जास्त देते. उन्हाबद्दल एक इशारा जाता जाता देतो. या कॅमेऱ्यात आरसा नसतो; कापडी शटरवर लेन्समधून थेट सूर्य पडत राहिला तर कापडाला भोक पडतं. मे महिन्यात कॅमेरा गळ्यात अडकवून चहा पीत उभं राहायचं असेल तर झाकण घालावं, नाहीतर अ‍ॅपर्चर मिटवून फोकस अनंतावरून हलवावा.

अंतराला या भागात इतिहासही आहे. नांदेड आणि लातूर १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानातला गाजलेला कॅमेरा राजा दीनदयाळांचा, सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकाराचा. मोठा तिपाईवरचा कॅमेरा, काचेच्या प्लेटा, स्थिर उभी राहिलेली माणसं. त्या फोटोंमधलं सौंदर्य नाकारायचं कारण नाही, पण ते दरबाराचं अंतर होतं. सामान्य माणूस त्यात बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून उभा. नंतर गावोगावच्या स्टुडिओंनी रंगवलेल्या पडद्यासमोरचं ठरलेलं अंतर दिलं. त्यानंतर आला बाहेरून येणारा वृत्तपत्राचा छायाचित्रकार, लांब पल्ल्याची लेन्स घेऊन, संध्याकाळच्या आत फोटो पाठवायच्या घाईत. या तिन्ही अंतरांत इथला माणूस पाहिला गेला. २ मीटरवरून त्याला फक्त घरच्यांनी पाहिलं, लग्नाच्या आणि बारशाच्या अल्बमांत. तेव्हा घराघरांत असलेल्या साध्या याशिका एमएफ-२ची लेन्स ३८ची होती. कुणाकडे पक्का रेंजफाइंडर असलाच तर याशिका इलेक्ट्रोला ४५, कॅननच्या कॅनोनेट जी-३ला ४०. म्हणजे आपल्याकडचे जवळिकीचे फोटो बहुतांशी ३५ आणि ५०च्या मधल्या, आणि बरेचसे ३५कडे झुकलेल्या काचांतून आले आहेत. ज्यांना ३५ 'अनैसर्गिक' वाटते त्यांनी आपलाच अल्बम उघडावा. आजच्या डोळ्याला तर ३५ अरुंदच वाटेल, कारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ ते २८च्या तोडीचा असतो.

पहिला भारदस्त आक्षेप फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या नावाने येतो, आणि विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात आक्षेप ऐकून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रेसाँने जवळजवळ सगळं आयुष्य ५०च्या लेन्सवर काढलं. १९४७-४८ साली तो भारतात होता, ३० जानेवारीला गांधीजींना त्यांच्या हत्येच्या थोडाच वेळ आधी भेटला होता, आणि त्या रात्रीचे, दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेचे फोटो आजही त्या दिवसांचा चेहरा म्हणून डोळ्यांसमोर येतात. ५०ने इतकं होत असेल तर ३५चा हट्ट कशाला? उत्तर ब्रेसाँच्याच पद्धतीत आहे. त्याला दिसेनासं व्हायचं असे. कॅमेऱ्याचे चकाकते भाग तो काळ्या पट्टीने झाकायचा. ५०ला सोयीचं ४-५ मीटरचं अंतर न दिसणाऱ्याला योग्यच, कारण तेवढ्यावरून तो गर्दीचा भाग राहतो. पण नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या भुसार लाइनीत कॅमेरा घेतलेला माणूस दिसेनासा होऊ शकत नाही. पाचव्या मिनिटाला कुणीतरी विचारणारच, "कशाचा फोटो काढायलाव?" या प्रश्नानंतर ५ मीटरवर उभं राहणं म्हणजे उत्तर टाळणं. ब्रेसाँची लेन्स त्याच्या अदृश्य होण्याला जोडलेली होती. ते कसब नसताना नुसती लेन्स उचलून तिचा गुण येत नाही. गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या गर्दीत दिसेनासं होता येतं, ही गोष्टही लक्षात ठेवावी.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलटा आहे, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. २ मीटरवर जाणं ही घुसखोरी नाही का? अनोळखी बाईच्या इतक्या जवळ कॅमेरा नेणं, दुःखात असलेल्याच्या तोंडासमोर तो धरणं, याला काय म्हणायचं? लांबून काढलं तर निदान त्रास तरी होत नाही. इथे त्रास होणं आणि हिरावून घेणं या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. लांबून काढलेल्या फोटोत त्रास होत नाही, कारण त्या माणसाला कळतच नाही. २ मीटरवर त्याला कळतं, आणि म्हणून तो नको म्हणू शकतो. बाई पदर ओढून घेते, म्हातारा हात हलवतो, किंवा खुर्ची पुढे सारून बसा म्हणतो. नकाराची सोय ज्या अंतरावर असते त्याच अंतरावर होकाराला किंमत असते. त्यात ३५चा आणखी एक गुण असा की ती समोरच्याला त्याच्या जागेतून उपटत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला, जवळपास १० हजार माणसं गेली. कशाखाली गेली? माळवदाच्या घरांखाली: दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचा जड थर. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं थकून घरात झोपली होती. अशा ठिकाणी लांबच्या लेन्सने उचललेला रडणारा चेहरा हा कुठल्याही दुर्घटनेतला चेहरा होऊ शकतो. चेहरा आणि त्यामागची ढासळलेली भिंत, तिची जाडी, तिच्यातला दगड एका चौकटीत आले तर फोटो किल्लारीचा होतो, आणि घरं कशी बांधावीत या प्रश्नाचाही होतो. भूकंपाने माणसं मारली हे अर्धंच खरं. बांधकामाने मारली हे दाखवायला भिंत फ्रेममध्ये लागते.

दुष्काळाच्या फोटोंचंही तेच. मराठवाडा म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि रिकाम्या घागरींची रांग, हा साचा लांबच्या लेन्सने पक्का केला. अशी लेन्स रांगेतल्या दोन माणसांमधलं अंतर दाबून टाकते, ५० घागरी ५०० वाटतात. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. या बातमीत दाखवण्यासारखं होतं ते नातं: टँकर कुणाचा, नळी कुणाच्या हातात, आधी कोण भरतं, बाजूला कोण थांबतं. ही माणसं एकमेकांपासून दीड-दोन मीटरवर उभी असतात. ती एकत्र यायची तर तेवढी रुंदी हवी आणि तेवढ्याच अंतरावर उभं राहण्याची तयारी हवी. इथे कुणी म्हणेल की ५० आणि लांब पल्ल्याची लेन्स एका तागडीत तोलणं बरं नाही. कबूल आहे, ५० काही रांगा दाबत नाही. पण निवडून बाजूला काढण्याकडे तिचा कल असतो, आणि शिकणाऱ्याला आधी बाजूला काढायची सवय लागली की मांडणी करायची सवय नंतर फार उशिरा लागते.

रुंद लेन्स घेतली की फोटोत कचरा येतो, ही तक्रार मला फारशी पटत नाही. फ्लेक्स, विजेच्या तारा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर, अर्धी आलेली मोटरसायकल. आपल्या शहरांतून हे वजा केलं तर उरतं ते शहर आपलं नसतं. बाकी पाय हलवून सुटतं. चेहरा जवळून वाकडा येतो ही तक्रार खरी आहे, पण तिचा बंदोबस्त कॅमेऱ्यानेच केला आहे: बहुतेक जुन्या-नव्या रेंजफाइंडर लेन्स ०.७ मीटर किंवा १ मीटरच्या आत फोकसच होत नाहीत. सतरंजीवर समोरासमोर बसलं की दीड मीटर आपसूक पडतं, आणि तिथे नाक नाकाएवढंच येतं.

उरला अ‍ॅपर्चरचा प्रश्न. दिवसा मोठं अ‍ॅपर्चर निरुपयोगी हे कबूल केलं तरी रात्रीचं काय? माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात, दिवस लहान. घोड्या-गाढवांचा बाजार उजेडात उरकतो, पण तमाशाच्या फडात आणि वाघ्या-मुरळीच्या जागरणात एफ १.४ हाताशी असती तर बरं, असं वाटणारच. इथे फिल्मवाल्याकडे एक जुना उपाय आहे. ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म १६००ला धरून काढावी आणि डेव्हलप करताना वेळ वाढवावा. दोन स्टॉप मिळतात, आणि एफ २.८ व एफ १.४ यांच्यातला फरक नेमका तेवढाच आहे. सावल्या जातात, दाणा वाढतो. पेट्रोमॅक्सपासून एलईडीपर्यंत कुठल्याही जत्रेच्या रात्री सावल्या तशाही काळ्याच असतात. शिवाय एफ १.४ला २ मीटरवर एकच चेहरा धड येतो, त्याच्या शेजारचा ढोलकीवाला धूसर. ज्याला दोघेही हवेत त्याला ती उघडून उपयोग नाही. भंडाऱ्याबद्दल मात्र सावध राहावं. हळद लेन्सच्या कड्यांत शिरली की निघत नाही, समोर एक साधा फिल्टर लावलेला बरा.

पैशाचा हिशोबही याच बाजूने पडतो. फोक्टलेंडरची ३५ एफ २.५ छोटी, हलकी आणि नावाजलेल्या जर्मन काचांच्या मानाने फारच स्वस्त. जुनी लायकाची झुमारॉन एफ २.८ तिच्याहून महाग, पण कडक उन्हात तिचा कमी कॉन्ट्रास्ट सावल्या थोड्या उघड्या ठेवतो, म्हणून काळ्या मातीत उभ्या असलेल्या पांढऱ्या धोतरवाल्याला ती मानवते. वाचलेले पैसे फिल्ममध्ये घालावेत. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्वस्त 'इंदू' आता इतिहासजमा झाली, रोल परदेशी आणि महाग आहेत, आणि लेन्स कोणतीही असो, दोन रोल काढून कुणाला काही कळलेलं नाही.

ही सगळी बाजू ज्याच्या कॅमेऱ्यात ३५ची चौकट आहे त्याच्यासाठी. एम-३ असेल तर खिडकी ५०साठीच घडवलेली आहे आणि त्या खिडकीसारखी दुसरी नाही. तिथे ५० घ्यावी, किंवा समोर चष्मा जोडलेली खास ३५ शोधावी, जी जड आणि काहीशी विचित्र दिसते. झोर्की-४ किंवा फेड ज्याच्या हाती आली आहे त्याच्या खिडकीतही ५०पुरतंच दिसतं, आणि सोबत बहुधा जुपिटर-८ किंवा इंडस्टार-६१ आलेलीच असते. त्याने तीच वापरावी. पुढे ३५ची जुपिटर-१२ घ्यायची झाली तर वेगळा व्ह्यूफाइंडर वर बसवावा लागतो, त्याचे पैसे धरूनच भाव करावा, आणि लेन्सचा मागचा भाग खूप आत शिरतो म्हणून ती दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यावर लावायचा विचार असेल तर आधी बसते का ते पाहून मगच पैसे द्यावेत.